अवघड पाठीच्या घोड्यासाठी परवडणारे खोगीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, पन्हाळा, कागल, हातकणंगले या भागांत हौसेने एखाद-दुसरा घोडा बाळगणाऱ्यांकडून खोगिराबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी काही शब्द ठरवून घेतले आहेत. खोगिराच्या आतील लाकडी, लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीला ‘सांगाडा’, तिच्या पुढच्या भागातील लोखंडी पट्टीला ‘कमान’, खालच्या भरीव भागांना ‘गाद्या’ आणि दोन गाद्यांमधील मोकळ्या जागेला ‘चर’ म्हटले आहे. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या वर जे हाडांचे टोक असते, ज्याला तबेल्यात ‘विदर’ म्हणतात, त्याला ‘उंचवटा’ म्हटले आहे.

१. खोगीर ‘बसते’ म्हणजे नेमके काय होते?

स्वाराचे वजन कण्यावर येऊ न देता कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आणि त्यांच्याखालील बरगड्या यांच्यावर ते सारखे पसरवणे, हे खोगिराचे काम आहे. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराचा भार खांद्याच्या हाडामागे सुरू होऊन अठराव्या बरगडीच्या आतच संपला पाहिजे, कारण तिच्या मागे असलेल्या कमरेला बरगड्यांचा आधार नसतो. पुढचा पाय टाकताना खांद्याच्या हाडाचा वरचा भाग मागे सरकतो आणि कमानीची टोके त्याच्या वाटेत आली, तर घोडा आखूड पावले टाकू लागतो. स्वाराला खोगीर मऊ लागते की नाही, ही बाब यानंतरची आहे.

२. आमच्या घोड्याला कोणतेच खोगीर बसत नाही. दोष घोड्यात आहे की खोगिरात?

बहुधा दोष दोघांतही नसतो, त्यांचे आकार एकमेकांशी जुळत नसतात. मारवाडी घोडा आणि शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड यांचा उंचवटा सर्वसाधारणपणे उंच व अरुंद असतो आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे असतात. काठियावाडी घोड्याची पाठ आखूड असते, त्यामुळे लांब बैठकीचे खोगीर कमरेवर जाते. गोल पोटाच्या तट्टूला उंचवटा जवळजवळ नसतोच आणि खोगीर त्याच्या अंगावर फिरते. याखेरीज म्हातारपणी खोलगट झालेली पाठ (प्रश्न १२) आणि एका बाजूला जास्त भरलेला खांदा (प्रश्न १०) ही दोन कारणे नेहमी आढळतात.

उंचवट्यामागचे खळगे जन्मजातच असतात असे मात्र नाही. अपुरे खाणे, कामाचा अभाव आणि आधीच्या खोगिराचा दाब यांमुळे तेथील स्नायू झिजतात. अशा घोड्यासाठी त्याच्या आजच्या खळग्यांच्या मापाचे अरुंद खोगीर घेतले, तर स्नायू परत भरायला जागाच उरत नाही. म्हणून थोडे रुंद खोगीर घेऊन आतली पोकळी तात्पुरती पॅडने भरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

३. पाठीचे माप घरच्या घरी कसे घ्यावे?

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे साहित्य विकणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानात वाकवू तशी राहणारी लवचिक वक्रपट्टी मिळते. साठ सेंटिमीटर लांबीची असल्यास उत्तम. ती मिळाली नाही, तर इलेक्ट्रिशियनकडील जाड, एकाच तारेची वायर चालते. घोडा सपाट फरशीवर चारही पायांवर सरळ उभा करावा आणि त्याची मान नेहमीच्या उंचीवर ठेवावी; मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो.

माप तीन ठिकाणी घ्यावे. पहिले खांद्याच्या हाडाच्या मागच्या कडेपासून दोन बोटे मागे, दुसरे पाठीच्या सर्वांत खोलगट जागी आणि तिसरे शेवटच्या बरगडीच्या रेषेत. शेवटची बरगडी पोटाच्या बाजूने चाचपत वर पाठीपर्यंत न्यावी लागते. घाईत ती चुकते आणि मग सारे माप चुकते. प्रत्येक ठिकाणी वक्रपट्टी पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबावी, तशीच उचलून जाड पुठ्ठ्यावर ठेवावी आणि आतल्या कडेने रेघ ओढावी. पुठ्ठ्यावर डावी बाजू, उजवी बाजू आणि तारीख लिहावी. चौथे माप लांबीचे: पहिल्या खुणेपासून तिसऱ्या खुणेपर्यंत वक्रपट्टी कण्याच्या बाजूने लांबीत ठेवून पाठीचा बाक उतरवून घ्यावा. अनेक जण हे माप घेत नाहीत, आणि खोलगट पाठीच्या घोड्याला नेमके तेच हवे असते.

पुठ्ठे कापून ठेवले की घोडा घरी ठेवूनही खोगीर पाहायला जाता येते. पुठ्ठा खोगिराखाली धरावा. तो कमानीच्या आत अडकला तर खोगीर अरुंद आहे आणि सैल हलला तर रुंद आहे.

४. खोगीर पाठीवर ठेवल्यावर काय काय पाहावे?

पहिली तपासणी पॅड किंवा नमदा (खोगिराखालचे जाड लोकरी कापड) न घालता करावी. खोगीर उंचवट्यावर थोडे पुढे ठेवून हलकेच मागे सरकवावे. ते जेथे आपोआप थांबते, ती त्याची जागा. तेथे उंचवटा आणि कमान यांच्यामध्ये स्वार नसताना साधारण तीन बोटे आणि स्वार बसल्यावर किमान दोन बोटे जागा राहिली पाहिजे. ही मोकळीक उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनाही लागते. नुसती वरची जागा पाहून समाधान मानू नये. चर पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटे रुंद असावी. काही स्वस्त खोगिरांत ती मागे इतकी चिंचोळी होते की गाद्या थेट कण्यावर बसतात.

यानंतर गादीखालून सपाट हात पुढून मागे फिरवावा. मध्येच हात मोकळा पडला, तर खोगीर पुढच्या व मागच्या टोकांवर टेकलेले आहे आणि सगळा भार त्या चार ठिकाणी येत आहे. उलट खोगीर मध्यावर टेकून झुलत असेल, तर सांगाडा पाठीपेक्षा जास्त वाकडा आहे. बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर असावा. पुढची बाजू वर उचलली गेली असेल तर कमान बहुधा अरुंद असते, आणि पुढची बाजू खाली बसली असेल तर ती रुंद असते. शेवटी तंग (पोटाखालून खोगीर बांधण्याचा पट्टा) आवळून स्वार बसवावा आणि घोडा चालवून, दुडकवून हेच सारे पुन्हा पाहावे, कारण उभ्या घोड्यावर नीट दिसणारे खोगीर चालताना उडू शकते.

५. पैसे बेताचे आहेत. नवे कानपूरचे घ्यावे, जुने परदेशी घ्यावे की सिंथेटिक?

युरोपातील नावाजलेल्या कंपनीचे नवे चामडी खोगीर लाखांच्या घरात जाते, त्यामुळे तो पर्याय बाजूलाच ठेवू. कानपूर हे देशातील खोगिरांचे जुने केंद्र आहे, तेथील खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे आणि तेथून परदेशांत मोठी निर्यात होते. अडचण अशी की त्याच गावातून उत्तम माल निघतो आणि केवळ दिसायला खोगीर असणारा मालही निघतो. त्यामुळे कारखानदाराला आपल्या पुठ्ठ्यांचे फोटो मापांसह पाठवून ‘या मापाचा सांगाडा आहे का’ असे लेखी विचारावे. उत्तरात केवळ ‘मीडियम’ किंवा ‘फुल साइज’ एवढेच आले, तर पुढे जाऊ नये. एका कारखान्याचे मीडियम दुसऱ्याच्या वाइडएवढे असू शकते.

घोडा अजून वाढता असेल, किंवा हंगामागणिक त्याचे अंग बदलत असेल, तर बदलत्या कमानीचे सिंथेटिक खोगीर सर्वांत किफायतशीर ठरते, असे आमचे मत आहे. विंटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अशा खोगिरांत कमान स्क्रू काढून बदलता येते आणि कमानींना रंग ठरलेले आहेत: पिवळी अरुंद, हिरवी मध्यम-अरुंद, काळी मध्यम, निळी मध्यम-रुंद, लाल रुंद आणि पांढरी अतिरुंद. वापरलेले असे खोगीर मिळाले तर अधिकच चांगले. मात्र कमान बदलली म्हणून सांगाड्याचा बाक किंवा चरीची रुंदी बदलत नाही आणि एका कंपनीची कमान दुसरीच्या खोगिरात सहसा बसत नाही.

जुने चामडी खोगीर घ्यायचे असल्यास गाद्यांत लोकर भरलेले घ्यावे, कारण लोकर काढता-भरता येते. फोमच्या गाद्यांत असा फेरफार जवळजवळ करता येत नाही. कोणताही पर्याय निवडला तरी हातातील रकमेचा साधारण चौथा हिस्सा दुरुस्ती, तंग आणि पॅड यांसाठी राखून ठेवावा. सगळी रक्कम खोगिरावरच खर्चून मग तंग मिळेल तो वापरणारे लोक आम्हांला वारंवार भेटतात.

६. जुन्या खोगिराचा सांगाडा तुटलेला आहे हे कसे ओळखावे?

खोगिराची मागची कड आपल्या पोटाला टेकवून पुढचा भाग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावा. स्प्रिंगचा (पोलादी पट्ट्या बसवलेला) सांगाडा किंचित लवतो आणि परत जागेवर येतो. मात्र बैठकीवर आडवी घडी पडली किंवा करकर आवाज आला, तर ते खोगीर घेऊ नये. नंतर कमानीच्या दोन्ही टोकांना धरून आत-बाहेर दाबावे. तेथे हालचाल अजिबात नको. गंजलेले खिळे, ताणून लांबट झालेली तंगाच्या पट्ट्यांची भोके आणि उसवलेली शिवण या गोष्टी दुरुस्त होतात. तुटलेल्या सांगाड्याची दुरुस्ती मात्र किमतीच्या मानाने परवडत नाही, आणि तो घोड्याची पाठ कायमची बिघडवू शकतो.

७. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारातून खोगीर आणावे का?

तंग, लगाम, मोहरकी, घुंगुरमाळा, झूल यांसाठी बाजार उत्तम आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीच्या सुमारास भरते आणि तेथे साजसामानाची दुकाने रांगेने लागतात. खोगीर घ्यायचे असल्यास पुठ्ठे सोबत न्यावेत आणि परत घेण्याची बोली करूनच पैसे द्यावेत. तेथील बरीचशी सामग्री मिरवणुकीसाठी बनवलेली असते. वरातीच्या खोगिरावर नवरदेव तासभर सावकाश चालतो, म्हणून ते सरावाच्या स्वारीलाही चालेल असे समजू नये.

८. खोगीर थोडे अरुंद आहे. खाली जाड नमदा किंवा जेल पॅड टाकला तर चालेल का?

चालणार नाही. घट्ट चपलेत जाड मोजा घातल्याने पाय मोकळा होत नाही, तसेच हे आहे. पॅड केवळ रुंद खोगिरातील पोकळी भरण्याच्या कामाचा आहे. कप्प्यांचा पॅड घेतल्यास त्यात फेल्टचे तुकडे हवे तेथेच घालता येतात आणि घोड्याचे अंग भरत गेले की एकेक काढता येतात. पॅड घातल्यावर तो चरीत वर ओढून घ्यावा. उंचवट्यावर ताणलेला पॅड स्वतःच जखम करतो.

आपल्याकडची घोंगडी घडी करून खाली घालता येते का, असेही विचारले जाते. दख्खनी मेंढीची लोकर घाम चांगला शोषते, परंतु ती टोचरी असते, म्हणून तिच्याखाली धुतलेले सुती कापड सुरकुत्या न ठेवता घालावे. घोंगडीच्या घड्यांची जाडी धरून खोगीर रुंद असेल, तरच हा उपाय करावा.

९. कोल्हापुरात चामड्याचे इतके कारागीर आहेत. त्यांच्याकडून काय करून घेता येईल?

पुष्कळ काही करून घेता येते, फक्त काम नीट समजावून द्यावे लागते. उसवलेली शिवण, फाटलेली झडप, तंगाचे नवे पट्टे, बकले आणि पॅडचे चामडी काठ ही कामे कुशल कारागीर उत्तम करतात. मात्र तंगाचा पट्टा आणि रिकिबीची वादी यांवर स्वाराचा जीव अवलंबून असतो. त्यांसाठी चपलेच्या तळाचे ताठ चामडे न वापरता कातड्याच्या पाठीकडील भागातून लांबीत कापलेले, न ताणणारे चामडे वापरण्यास सांगावे. दोन्ही बाजूंच्या वाद्या एकाच वेळी बनवून घ्याव्यात, नाहीतर एक लांब आणि एक आखूड होते.

गाद्यांतील लोकर बदलण्याचे काम तुलनेने नाजूक आहे. जुनी लोकर गोळे होऊन बसली असेल, तर ती पूर्ण काढून स्वच्छ, पिंजलेली लोकर थोडी थोडी भरावी. चिंध्या, कापूस किंवा उशीतला फायबर भरू देऊ नये. दोन्ही गाद्या सारख्या भरल्या आहेत की नाही हे खोगीर उलटे ठेवून मागून पाहावे. नवी लोकर वापराने दबते, म्हणून पंचवीस-तीस तासांच्या स्वारीनंतर प्रश्न ४ मधील तपासणी पुन्हा करावी आणि पुढे वर्षातून एकदा तरी करावी.

१०. खोगीर सतत एकाच बाजूला घसरते. तंग आणखी आवळावा का?

तंग आवळणे हा उपाय नाही. आधी घोड्याला पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. स्यू डायसन आणि लाईन ग्रेव्ह यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की एका बाजूला घसरणाऱ्या खोगिरामागे अनेकदा मागच्या पायाचा लंगडेपणा असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नसला तरी वेदना बधिर केल्यावर खोगीर सरळ राहते. म्हणजे खोगीर बदलून किंवा भरून हा दोष झाकला, तर घोड्याचे दुखणे तसेच राहून जाते.

पाय ठीक असतील तर पुठ्ठ्यावरील डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. एक खांदा जास्त भरलेला असल्यास कमान मोठ्या खांद्याच्या मापाची घ्यावी आणि लहान बाजूला कप्प्याच्या पॅडमध्ये तुकडा घालावा. तिसरी शक्यता स्वार स्वतः वाकडा बसण्याची असते. त्यासाठी मागून मोबाईलवर चित्रीकरण करून पाहावे. स्वाराला स्वतःला हे कधीच जाणवत नाही.

११. तट्टू गोल आहे, खोगीर पुढे मानेवर जाते. काय करावे?

ज्या घोड्याच्या तंगाची खाच, म्हणजे छातीखाली तंग आपोआप बसतो ती जागा, कोपराच्या अगदी जवळ असते, त्याचा तंग त्या खाचेत जातो आणि खोगीर आपल्यासोबत पुढे ओढतो. खोगिराला पुढे आणि मागे असे वेगवेगळे पट्टे असतील, तर जोडी बदलून पाहावी. मध्यभागी पुढे वळवलेल्या आकाराचा तंगही उपयोगी पडतो. पन्हाळ्यासारख्या चढउतारावर उतरताना दुमची (खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि चढताना छातीपट्टा लागतो. दुमचीचा शेपटीखालचा भाग मऊ आणि स्वच्छ ठेवावा, कारण तेथे लगेच सोलवटते. मुळात रुंद आणि सपाट सांगाडा मिळाला, तर या सगळ्याची गरज बरीच कमी होते.

१२. घोडा म्हातारा आहे आणि पाठ खोलगट झाली आहे. त्याला खोगीर घालावे का?

पशुवैद्याने स्वारीला हरकत नाही असे सांगितले तरच घालावे. सपाट सांगाडा अशा पाठीवर पुलासारखा आडवा पडतो, म्हणून लांबीचे माप (प्रश्न ३) घेऊन वाकलेला सांगाडा शोधावा. थोडी पोकळी उरल्यास ती मधल्या भागात पॅड घालून भरता येते, पण पोकळी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर त्या खोगिराचा नाद सोडावा.

१३. सांगाडा नसलेले खोगीर घेतले तर मापाची कटकटच संपेल ना?

कटकट संपत नाही, ती वेगळी होते. सांगाडा नसल्यामुळे स्वाराचे वजन त्याच्या बैठकीखाली आणि रिकिबीच्या पट्ट्याखाली एकवटते. गोल पाठीचे तट्टू, हलका स्वार आणि अल्पकाळाची रपेट असेल, तर चरीसह बनवलेला खास पॅड घालून असे खोगीर चालते. उंच, अरुंद उंचवट्याच्या घोड्यावर ते कण्यावर टेकते. वजनदार स्वाराने आणि लांबच्या रपेटीसाठी ते टाळावे.

१४. जुन्या लष्करी खोगिरांबद्दल ऐकतो. ती घ्यावीत का?

घोडदळासाठी बनलेल्या ‘युनिव्हर्सल पॅटर्न’ खोगिरात दोन लोखंडी कमानी आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या असतात. १९१२ च्या नमुन्यात या फळ्या कमानींना खिळीने जोडलेल्या असून पाठीच्या उतारानुसार थोड्या हलतात. खाली घडी केलेला कांबळा घालायचा आणि घोडा बारीक झाला की घड्या वाढवायच्या, अशी ही रचना हजारो वेगवेगळ्या घोड्यांना एकच खोगीर बसावे म्हणून केलेली आहे. त्यामुळे हाडकुळ्या, उंच उंचवट्याच्या घोड्यासाठी ते खरोखर विचारात घेण्यासारखे आहे. ते जड असते, स्वाराची मांडी घोड्यापासून दूर राहते आणि उडीच्या कामाला ते निरुपयोगी आहे. मिळाल्यास फळ्यांना तडे आणि कमानींना गंज आहे का, हे आधी पाहावे.

१५. उद्यमनगरात लोखंडाचे कोणतेही काम होते. कमान तेथेच वाकवून रुंद केली तर?

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील कारागिरांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. पण हे काम तेथे देऊ नये. कमान सांगाड्याला रिबिटने घट्ट बसवलेली असते, ती गॅसवर तापवली की पोलादाचा कणखरपणा जातो आणि शेजारचे लाकूड किंवा प्लॅस्टिक खराब होते. थंड स्थितीत नुसती दाबून वाकवली, तर दोन्ही बाजू सारख्या वाकतीलच असे नाही. लाकडी-स्प्रिंगच्या सांगाड्याची कमान खोगीर बनवणारा कारागीर विशिष्ट दाबयंत्रात साधारण एका मापाने बदलू शकतो. त्याहून जास्त फरक हवा असेल, तर ते खोगीर विकून दुसरे घेणेच स्वस्त पडते. बदलत्या कमानीची नक्कल करून घेणेही धोक्याचे आहे.

१६. माझे वजन ७५ किलो आहे. माझा घोडा ते पेलेल का, आणि त्याचा खोगिराशी काय संबंध?

साधारणपणे स्वार आणि सर्व साज मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार देऊ नये, असा संकेत आहे. घोड्याचे अंदाजे वजन काढण्यासाठी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून मागच्या कुल्ल्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उदाहरणार्थ, घेर १६५ आणि लांबी १४५ सेंटिमीटर असेल, तर वजन सुमारे ३३२ किलो येते आणि भाराची मर्यादा ६६ किलोच्या आसपास होते. त्यातून खोगिराचे सात-आठ किलो वजा केल्यास स्वारासाठी ५८-५९ किलो उरतात, म्हणजे ७५ किलोच्या स्वारासाठी हा घोडा नाही. मोठ्या स्वाराला मोठी बैठक लागते आणि आखूड पाठीवर ती अठराव्या बरगडीपलीकडे जाते, त्यामुळे येथे खोगिराने प्रश्न सुटत नाही.

१७. पाठीवर पांढरे केस आले आहेत. खोगीर काढल्यावर घामात कोरडे डागही दिसतात. दोन्हींचा अर्थ एकच आहे का?

पांढरे केस म्हणजे तेथील त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशींना दाबाने इजा झाल्याची खूण असते. ती बहुधा कायम राहते, म्हणून ते केस आजच्या खोगिराने आले की आधीच्या मालकाच्या, हे त्यावरून सांगता येत नाही. कोरड्या डागाचे दोन अर्थ होतात: तेथे खोगीर टेकतच नाही, किंवा इतके दाबते की घामच येत नाही. बोटांनी त्या जागी दाबून पाहावे; घोडा पाठ खाली नेत असेल, कान मागे घेत असेल किंवा तंग आवळताना चावायला येत असेल, तर दुसरा अर्थ धरून स्वारी थांबवावी.

१८. एकच खोगीर दोन घोड्यांना वापरता येईल का?

दोघांचे पुठ्ठे एकमेकांवर ठेवून जवळजवळ जुळत असतील, तर येईल. जुळत नसतील तर रुंद घोड्याच्या मापाचे खोगीर घेऊन अरुंद घोड्यासाठी कप्प्यांचा पॅड वापरावा (प्रश्न ८). याच्या उलट कधीही करू नये.

१९. पावसाळ्यात चामडी खोगिराला बुरशी येते आणि दिवाळीनंतर तेच खोगीर बसेनासे होते. असे का?

याला दोन वेगळी कारणे आहेत. गगनबावडा-राधानगरीकडच्या दमट हवेत चामड्यावर बुरशी येते आणि ओल धरलेली लोकर घट्ट होते. प्रत्येक स्वारीनंतर ओल्या फडक्याने घाम पुसावा, खोगीर सावलीत हवेशीर जागी लाकडी घोडीवर (स्टँडवर) ठेवून वाळवावे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. बुरशी आल्यास ती खोलीबाहेर कोरड्या फडक्याने पुसून मग खोगिराचा साबण लावावा. खोबरेल तेल ओतून मुरवण्याची सवय अनेकांना आहे. त्याने चामडे लिबलिबीत होते आणि शिवण सैल पडते.

दुसरे कारण घोड्याचेच असते. चार महिने काम बंद राहिल्याने पाठीचे स्नायू उतरतात, तर हिरव्या चाऱ्याने पोट मात्र सुटते. त्यामुळे जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा पुठ्ठे नव्याने काढावेत, जुन्या पुठ्ठ्यांवर ठेवून फरक पाहावा आणि त्यानुसार कमान, पॅड किंवा लोकर यांत बदल करूनच पहिली स्वारी करावी.